हिरवे परत का येत नाही? : ‘टेरारिया’ या खेळातील बायोमची झुंज

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. नुकताच नववीत गेलेला. सलग तीन दिवस तो संगणकावर एक खंदक खणत होता. खंदक उभा होता, जमिनीच्या पृष्ठभागापासून थेट पाताळापर्यंत जाणारा. त्याच्या एका बाजूला हिरवे जंगल, दुसऱ्या बाजूला जांभळट, काटेरी, किडलेली जमीन. मी पाहायला वाकलो तर म्हणाला, “मामा, मधे काही ठेवू नकोस हं. तीन चौकटींपेक्षा कमी अंतर राहिलं तर ते पलीकडे उडी मारतं.” त्याने खंदक सहा चौकटी रुंद ठेवला होता.

खंदक पूर्ण झाल्यावर त्याने दोन प्रश्न विचारले. पहिला सोपा होता : “खऱ्या जंगलात असा खंदक खणतात का?” मी त्याला वनखात्याच्या जाळरेषांविषयी सांगितले. उन्हाळ्यापूर्वी गवताचा एक पट्टा मुद्दाम काढून वा जाळून मोकळा ठेवायचा, म्हणजे वणवा पलीकडे जात नाही. दुसरा प्रश्न मात्र अवघड होता : “मग खरं जंगलपण असंच असतं का? एकदा गेलं की आपण फवारणी केल्याशिवाय परतच येत नाही?” हा प्रश्न त्याला खेळाने शिकवला होता, आणि खेळाने दिलेले उत्तर चुकीचे होते. म्हणून त्या खेळाची थोडी तपासणी करावी असे ठरवले. आपल्या वर्गातील काही मुले तो खेळत असण्याची शक्यता बरीच आहे.

खेळ काय आहे

खेळाचे नाव ‘टेरारिया’. अमेरिकेतील री-लॉजिक या छोट्या कंपनीने तो मे २०११ मध्ये प्रसिद्ध केला आणि २०२२ सालापर्यंतच त्याच्या ४ कोटी ४० लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या. खेळातील जग म्हणजे एक प्रचंड चौकटीचा कागद आहे. सर्वांत मोठे जग ८४०० चौकटी लांब आणि २४०० चौकटी खोल, म्हणजे एकूण २ कोटींहून अधिक चौकटी. प्रत्येक चौकटीत माती, दगड, वाळू, बर्फ, गवत असे काहीतरी असते किंवा ती रिकामी असते. खेळाडूने खणावे, बांधावे, शोधावे, लढावे. ठरलेली एकच वाट नाही.

या जगात निरनिराळे ‘बायोम’ आहेत : साधे जंगल, वाळवंट, हिमप्रदेश, घनदाट अरण्य. बायोम हा शब्द जीवशास्त्रातला. एका प्रकारच्या हवामानात विस्तृत प्रदेशावर नांदणारा वनस्पती-प्राण्यांचा समूह, असा त्याचा ढोबळ अर्थ. परंतु खेळाची खरी रंगत तीन पसरणाऱ्या बायोममुळे आहे. ‘करप्शन’ म्हणजे भ्रष्टभूमी, ‘क्रिमझन’ म्हणजे रक्तभूमी आणि तिसरा ‘हॅलो’. हा टेलिफोनवरचा हॅलो नव्हे. त्याचा अर्थ पवित्रभूमी. तेथे निळसर गवत, रंगीत झाडे आणि एकशिंगी घोडे असतात.

जगाच्या आरंभी पहिल्या दोहोंपैकी एकच बायोम असतो आणि तो मुख्यतः गवतावरून, हळूहळू सरकतो. पुढे पाताळातील एका राक्षसी भिंतीचा पाडाव केला, की जगाचे रूप पालटते. जगातून दोन तिरके पट्टे उमटतात, एक दुष्ट बायोमचा व एक पवित्र बायोमचा. त्यानंतर बाधित दगड, वाळू, बर्फ, गवत ही सारी आपल्यापासून तीन चौकटींच्या आतील शुद्ध चौकटींना आपल्यासारखे करू लागतात. विटा, लाकूड अशा काही गोष्टी मात्र बाधत नाहीत. खंदक खणण्याची सारी धडपड यासाठीच.

जमेच्या बाजू

खेळाचे दोष सांगण्यापूर्वी त्याला जे साधले आहे ते मोकळेपणाने सांगायला हवे, कारण ते थोडे नाही.

पहिली गोष्ट, स्पर्शाने होणाऱ्या प्रसाराचे गणित या खेळात डोळ्यांना दिसते. संगणक दर क्षणी २ कोटी चौकटी तपासत नाही. काही चौकटी यदृच्छेने निवडतो आणि त्यांच्या शेजारी काय आहे ते पाहतो. आग, काही प्रकारचे रोग, खडकावर वाढणारे दगडफूल यांचा अभ्यास करताना आम्ही संशोधक जवळजवळ याच पद्धतीची प्रारूपे वापरतो. एका चौकटीचा नियम साधा. पण त्यातून साऱ्या जगाचा जो नकाशा तयार होतो तो आधी सांगता येत नाही. हे मुलांना पुस्तकातून पटवणे कठीण आहे. खेळ ते सहज पटवतो.

दुसरी गोष्ट, आधी केलेल्या उपायाची किंमत. जाणता खेळाडू भिंत पाडण्यापूर्वीच खंदक खणून ठेवतो. नंतर खणणाऱ्याला कितीतरी पट अधिक श्रम पडतात, कारण खणता खणता बाधा पुढे गेलेली असते. आक्रमक तणांच्या बाबतीत जगभरचा अनुभव नेमका हाच आहे.

तिसरी गोष्ट, मोजणी. खेळात ड्रायड नावाची एक वनदेवता असते. तिला विचारले की जगाचा किती टक्के भाग कोणत्या बायोमने व्यापला आहे ते ती सांगते. माझा भाचा रोज तिच्याकडून आकडे घेऊन वहीत लिहीत होता. चार शाळांनी मिळून आपल्या गावातील गाजर गवताची अशी नोंद ठेवली तर किती छान होईल, असे मला वाटून गेले.

चौथी गोष्ट सर्वांत सूक्ष्म. काही महत्त्वाच्या वस्तू दुष्ट बायोमच्या भूगर्भातच मिळतात, तर काही पवित्र बायोमच्या. म्हणून खेळाडू शत्रूला समूळ नष्ट करत नाही. भोवती खंदक खणून त्याचा एक तुकडा राखतो, किंवा बिया आणि दगड नेऊन आपल्याला हवा तो बायोम हव्या त्या जागी तयार करतो. म्हणजे लढाईचे रूपांतर हळूहळू व्यवस्थापनात होते. आणि ‘पवित्र’ बायोमही दुष्टाइतकाच आक्रमक आहे, तोही साध्या जंगलाला गिळतो, हे खेळ न बोलता दाखवतो. या शहाणपणाकडे मी पुन्हा येणार आहे.

बर्फाच्या विटा आणि हिमवर्षाव

आता दोष. पहिला दोष कार्यकारणाचा. खेळात बायोम कसा ठरतो? आसपासच्या चौकटी मोजून. २०२० च्या आवृत्तीपासून भ्रष्टभूमीला ३००, पवित्रभूमीला १२५ आणि हिमप्रदेशाला १५०० चौकटी लागतात. हिरव्या जंगलात बर्फाच्या १५०० चौकटी आणून रचल्या, की ती जागा हिमप्रदेश होते आणि पाऊस आला की तेथे हिम पडू लागते!

निसर्गात साखळी उलट दिशेने चालते. तापमान आणि पर्जन्य, त्यांचे वर्षभरातील वाटप, मग माती आणि वणवे यांनुसार कोणता वनस्पतिसमूह टिकेल हे ठरते. बर्फ आहे म्हणून थंडी नसते. थंडी आहे म्हणून बर्फ असते. अर्थात खेळाची कल्पना अगदीच निराधार नाही. ॲमेझॉनचे अरण्य जमिनीतले पाणी हवेत सोडते आणि स्वतःच्या पावसाचा काही भाग स्वतःच घडवते. बर्फही सूर्यप्रकाश परावर्तित करून थंडी वाढवते. परंतु हे परिणाम फार मोठ्या क्षेत्रावर जाणवतात, आणि ते मूळ कारणाला जोर देतात, त्याची जागा घेत नाहीत. दहावीच्या मुलांना हा फरक विचारून पाहावा. चर्चा रंगेल.

तीन चौकटींची उडी

दुसरा दोष प्रसाराच्या अंतराचा. खेळात पुरेसा रुंद खंदक खणला की निश्चिंत झोपता येते. गाजर गवताने आपल्याला असे झोपू दिले नाही. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली, आणि पुढच्या काही दशकांत ते देशभर पसरले. ते शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकत गेले असते तर हे घडलेच नसते. त्याचे एकेक झाड हजारो बारीक बिया देते. त्या वाहनांच्या चाकांच्या चिखलातून, धान्याच्या पोत्यांतून, ओढ्याच्या पाण्यातून शेकडो किलोमीटर जातात आणि तेथे नवी ठिणगी पडते. अशा प्रसारात मुख्य सीमारेषेवर पहारा देऊन भागत नाही. दूरवर उगवलेला छोटा ठिपका वेळेवर सापडणे अधिक मोलाचे ठरते. खेळ हा धडा देत नाही. उलट ‘सीमा बंद केली की प्रश्न मिटला’ असा चुकीचा विश्वास देतो.

ज्याला परतता येत नाही असे जंगल

तिसरा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि भाच्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे मूळ त्यात आहे. खेळातील शुद्ध जंगल फक्त हरते. साधे गवत उघड्या मातीवर पसरते. पण बाधित गवताला ते मागे रेटत नाही. शुद्ध दगड बाधित दगडाला पुन्हा शुद्ध करत नाही. एकच छोटा अपवाद आहे : घनदाट अरण्याच्या चिखलात खोलवर वाढणारे क्लोरोफाइट नावाचे हिरवे खनिज. ते आसपासची बाधित जमीन पुन्हा अरण्याची करते. बाकी सर्व दुरुस्ती खेळाडूच्या हातून. त्यासाठी एक फवारणी यंत्र विकत मिळते. त्यात हिरवे द्रावण घातले की जमीन शुद्ध, निळे घातले की पवित्र, जांभळे घातले की भ्रष्ट. म्हणजे निसर्ग हा एक निर्जीव पडदा, आणि त्यावर रंग देणारे दोघेच : रोग आणि माणूस.

खऱ्या प्रतिस्पर्धी बायोमची गोष्ट वेगळी असते. ती पाहायला आपल्याला निलगिरीच्या पठारापर्यंतच जावे लागते. तेथे दऱ्याखोऱ्यांतून शोला नावाचे गर्द जंगल आणि उतारांवर गवताळ प्रदेश असे दोन बायोम अगदी खेटून उभे आहेत. मधली सीमा कित्येकदा काही पावलांची असते. गवताळ उतारावर हिवाळ्यात दहिवर गोठते आणि अधूनमधून आग लागते. त्यात झाडांची रोपे मरतात, गवत पुन्हा फुटते. जंगलाच्या आत मात्र सावलीमुळे गवत वाढत नाही, ओलाव्यामुळे आग शिरत नाही आणि रोपे थंडीपासून बचावतात. प्रत्येक जण स्वतःला हवी तशी परिस्थिती स्वतः टिकवतो.

ही सीमा कायमची नाही. आर. सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निलगिरीतील दलदलींत साठलेल्या पीटमधील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले. उष्ण कटिबंधातील बहुतेक गवते आणि जंगलातील झाडे प्रकाशसंश्लेषण वेगवेगळ्या मार्गांनी करतात, म्हणून त्यांच्या अवशेषांत या समस्थानिकांचे प्रमाण निराळे असते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की गेल्या सुमारे २०,००० वर्षांत हवामान कोरडे झाले तेव्हा गवत पुढे आले आणि दमट झाले तेव्हा जंगलाच्या प्रकारच्या वनस्पती वाढल्या. लढाई दोन्ही बाजूंनी चालली, आणि ती माणसाच्या फवारणीशिवाय चालली.

आफ्रिकेतही असेच चित्र दिसते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार वर्षाला साधारण १००० ते २५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आणि कोरडा ऋतू फार लांब नसणाऱ्या भागांत जंगल आणि सॅव्हाना दोन्ही टिकू शकतात. तेथे कोण राहणार हे प्रामुख्याने आग ठरवते.

आणि परत येण्याचे म्हणाल, तर १८८३ च्या क्राकाटोआच्या स्फोटानंतर उरलेले बेट राखेखाली गाडले गेले होते. वाऱ्याने, लाटांनी, पक्षी-वटवाघळांनी बिया आणल्या आणि सुमारे पन्नास वर्षांत तेथे पुन्हा जंगल उभे राहिले. अर्थात प्रत्येक जागी असे घडत नाही. माती वाहून गेली, बियांचा स्रोत संपला किंवा आक्रमक तणाने जागा अडवली, तर माणसाला मदत करावीच लागते. परंतु ती मदत निसर्गाच्या परतण्याच्या शक्तीला वाट करून देण्याची असते. नुसता रंग बदलून भागत नाही.

शुद्ध, भ्रष्ट आणि पडीक

चौथी गोष्ट शब्दांची. ‘शुद्ध’, ‘भ्रष्ट’, ‘पवित्र’ हे शब्द जमिनीला लावले की पुढचे निर्णय विचार न करता होतात. पवित्रभूमीही आक्रमक आहे हे दाखवून खेळाने या शब्दांना थोडा धक्का दिला, हे मी वर म्हटलेच आहे. आपण मात्र तेवढाही धक्का स्वतःला देत नाही.

त्याच निलगिरीच्या गवताळ उतारांवर ब्रिटिश काळापासून निलगिरी, वॉटल, पाइन अशी परदेशी झाडे लावली गेली. झाड म्हणजे चांगले आणि मोकळे गवत म्हणजे वाया गेलेली जमीन, असा समज त्यामागे होता. वॉटल आता आपल्या आपण पसरते आहे आणि गवताळ प्रदेश आक्रसतो आहे. पवित्रभूमीच ती!

आपल्या पश्चिम महाराष्ट्रातील माळरानांकडेही आपण असेच पाहतो. सरकारी नोंदींत त्यांतील बराच भाग पडीक म्हणून गणला गेला. जुन्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासणारा एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यातून ही माळराने तुटलेल्या जंगलाचे अवशेष नसून कित्येक शतके जुनी आहेत असे दिसते. माळढोक, लांडगा, काळवीट हे त्या मोकळ्या गवताचे रहिवासी आहेत. वृक्षारोपणाच्या दिवशी शाळेच्या मुलांना घेऊन माळावर खड्डे खणण्यापूर्वी, येथे आधी कोणता बायोम होता, एवढा एक प्रश्न शिक्षकांनी जरूर विचारावा.

वर्गात करून पाहा

या खेळासाठी संगणक हवाच असे नाही. चौकटीचा कागद, रंगीत पेन्सिली आणि फासा एवढे पुरे.

एक : २१ × २१ चौकटी आखा. मधली चौकट लाल करा. प्रत्येक फेरीत लाल चौकटींच्या वर, खाली, डावी-उजवीकडे असलेल्या सर्व चौकटी लाल करा. एकूण लाल चौकटी १, ५, १३, २५, ४१, ६१ अशा वाढतील. दहाव्या फेरीअखेर २२१ होतील. दर फेरीला दुप्पट होणारी संख्या दहाव्या फेरीला १०२४ होते. स्पर्शाने होणारी वाढ कडेवरच होते, म्हणून ती दुपटीच्या वाढीपेक्षा मंद असते, हे मुलांना स्वतः सापडू द्या. दूर उडणारे बी आले की हे गणित कसे बदलते, तेही विचारा.

दोन : सुरुवातीलाच प्रत्येक चौकटीसाठी फासा टाका. १ किंवा २ पडले तर तेथे वीट. वीट बाधत नाही. मग डाव्या कडेच्या सर्व मोकळ्या चौकटी लाल करून प्रसार सुरू करा. पुढच्या कागदावर १, २ किंवा ३ ला वीट ठेवा. पहिल्या कागदावर बहुतेक वेळा लाली उजव्या कडेला पोचेल. दुसऱ्यावर बहुतेक वेळा अडकेल. मोकळ्या चौकटींचे प्रमाण सुमारे ५९ टक्क्यांच्या खाली गेले, की चार शेजाऱ्यांच्या नियमाने होणारा प्रसार मोठ्या कागदावर तुटतो, हे गणिताने ठाऊक आहे. कागद लहान असल्याने एखादा निकाल वेगळा येईल. म्हणून गटागटाने पुष्कळ कागद करा आणि निकाल एकत्र मांडा. सलग खंदक न खणताही प्रसार अडू शकतो, हा यातला धडा.

तीन : अर्धा कागद लाल, अर्धा हिरवा करा. प्रत्येक फेरीत लाल शेजारी असलेल्या हिरव्या चौकटीसाठी फासा टाका. १, २, ३ पडले तर ती लाल. त्याच फेरीत, बदल रंगवण्यापूर्वी, हिरवा शेजारी असलेल्या लाल चौकटीसाठीही फासा टाका. फक्त ६ पडले तर ती हिरवी. सीमा हिरव्याकडे सरकेल. आता लाल चौकटीला ४, ५, ६ यांपैकी काहीही चालेल असा नियम करा. सीमा वेडीवाकडी होईल, मागेपुढे हलेल. पण सरासरीने कोणत्याच बाजूला जाणार नाही. टेरारियाने जो नियम वगळला तो हाच.

निष्कर्ष

हा खेळ मुलांनी खेळू नये असे मी म्हणणार नाही. प्रसार, प्रतिबंध आणि मोजणी यांविषयी तो पुष्कळ शिकवतो, आणि चांगल्या-वाईटाविषयी त्याच्या नावांपेक्षा त्याचे नियम अधिक शहाणे आहेत. हवामान, दूरचा प्रसार आणि निसर्गाची परतण्याची शक्ती या तीन बाबतींत मात्र शिक्षकाने त्याला पुस्ती जोडायला हवी. त्यातली तिसरी सर्वांत महत्त्वाची. जंगल आपोआप परत येत नाही असे मानणारा मुलगा मोठेपणी एक तर फवारणी यंत्र शोधेल, नाहीतर निराश होऊन सोडून देईल. थोडी वाट पाहण्याचा, गुरे आणि आग काही वर्षे दूर ठेवण्याचा, जवळचे बियांचे झाड वाचवण्याचा विचार त्याला सुचणार नाही.

भाच्याला मी चौकटीच्या कागदावर तिसरा खेळ शिकवला. दोन तास खेळून तो म्हणाला, “मामा, यात जिंकताच येत नाही.” मी म्हटले, “पण हरतही नाही ना?” त्याने पुन्हा फासा उचलला आणि या वेळी लाल चौकटीला ५ व ६ हेच आकडे ठेवले. नियम बदलून पाहायला त्याला कोणी सांगितले नव्हते.